निळा दिवा कुणी लावायचा

लिफ्ट बंद होती, बाहेर पाऊस होता आणि माझ्या हातात अल्बर्ट हाइन सुपरमार्केटच्या दोन जड पिशव्या. नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या फेब्रुवारीकडून माणसाने याहून चांगली अपेक्षा ठेवूच नये. मी जिन्याच्या वळणावर थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले. दम लागला की मी असंच करते. कुणी पाहिलंच, तर वाटावं, बाईला निसर्गाची आवड आहे.

"काय दिसतंय?" मागून कुणीतरी विचारलं... चक्क मराठीत.

मागे एक तरुण उभा होता. चष्म्यावर पावसाचे थेंब, छातीशी धरलेलं भलंमोठं खोकं.

"पार्किंग," मी म्हटलं.

"सुंदर आहे?"

"ओलं आहे."

तो हसला. "म्हणजे तुम्हीच योगिनी. मालिनीताई म्हणाल्या होत्या, मुलगी गोड आहे, पण सरळ उत्तर देत नाही. मी यशोधन."

तो मूळचा सांगलीचा, आइंडहोव्हनहून नुकताच इकडे बदलून आलेला, आणि आल्या आल्या इथल्या मराठी मंडळाच्या, म्हणजे मालिनीताईंच्या, तावडीत सापडलेला. खोक्यात बल्ब होते. मालिनीताईंचे यजमान हरीशभाऊ गेल्या हिवाळ्यात सायकल लावता लावता कोसळले, ते गेलेच. हृदयाचं दुखणं त्यांनी शेजाऱ्यांपासून, मित्रांपासून लपवलं होतं, ताईंनाही अर्धवटच सांगितलं होतं. म्हणून यंदा ताईंनी सगळ्यांना कामाला लावलं. महिनाभर प्रत्येक मराठी घराच्या दारावर रंगीत दिवा. लाल म्हणजे 'आम्हाला काळजी आहे'. निळा म्हणजे 'या घरात हृदयाचा पेशंट आहे, हाक आली तर धावून या'.

"लाल की निळा?" यशोधनने विचारलं.

"अ‍ॅमस्टरडॅमच्या इतक्या जवळ, दाराशी लाल दिवा? आईला फोटो पाठवायची सोय नाही."

"मग निळा घ्या," तो गमतीत म्हणाला.

मी पिशव्या खाली ठेवल्या. "लालच द्या."

खरं तर माझ्या डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं यंत्र आहे. ऑफिसात बेशुद्ध पडले, त्यानंतर बसवलं. हृदय भलतंच धावायला लागलं, की ते झटका देऊन त्याला ताळ्यावर आणतं. साताऱ्याहून आईचा हुकूम होता, लग्न ठरेपर्यंत याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आधी दोन स्थळांना खरं सांगून झालं होतं. दोघांनीही 'कळवतो' म्हणून फोन ठेवला आणि कधीच कळवलं नाही. त्यामुळे आईवर मला रागावताही येत नसे.

यशोधन मात्र येतच राहिला.

"बल्ब चालतोय का बघायला आलोय."

"रोज?"

"स्वस्तातले आहेत हो... काय भरवसा!"

मग चहा. मग तळ्याकाठी, भुरभुर पावसात फेरफटका. वाऱ्याने त्याची छत्री उलटी व्हायची, तो तिला सांगलीच्या भाषेत झापायचा, आणि मी पोट धरून हसायचे. मी हळू चालते म्हणून तोही हळू चालायचा. का, ते त्याने कधी विचारलं नाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. मी त्याच्या प्रेमात पडले होते, सपशेल. रोज ठरवायचे, आज सांगायचं. आणि रोज तो दारात उभा राहून "येऊ मी?" म्हणायचा, तेव्हा वाटायचं... आजचा दिवस राहू दे.

मालिनीताईंना एवढा धीर कुठला! एका शनिवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं आणि मला स्वयंपाकघरात गाठलं.

"यशोधनच्या आईशी बोलले मी. त्यांनी एकच विचारलं, मुलगी तब्येतीने कशी आहे? त्याचे बाबा असेच अचानक गेले ना गं. मी म्हटलं, धडधाकट आहे, माझी जबाबदारी!"

"ताई..."

"लाजू नकोस. उद्या व्हिडिओवर बघणार आहेत तुला."

हरीशभाऊंचा फोटो समोरच भिंतीवर होता.

यशोधन मला दारापर्यंत सोडायला आला. वर लाल दिवा होता.

"हा दिवा खोटा आहे," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

तो दिव्याकडे बघत म्हणाला, "आणि मी तुला त्या वाऱ्यात चालवत होतो! सांगायला काय झालं होतं?"

"तू गेला असतास."

"हे तूच ठरवलंस?" त्याचा आवाज चढला. आणि तो खरंच गेला.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे जाऊन कबुली दिली. त्या रडल्या, माझ्यावर भरपूर चिडल्या, मग काहीतरी कारण सांगून व्हिडिओ कॉल रद्द केला आणि उठून निळा बल्ब घेऊन आल्या. मी तो लावला आणि आईला फोन केला. "आता कोण येणार तुझ्या दारी?" आई म्हणाली. त्या आठवड्यात खरंच कुणी आलं नाही. मी एकटीच चहा प्यायचे आणि दोन कप का काढले म्हणून स्वतःवर चिडायचे.

रविवारी, भरदुपारी अंधारून आलेलं असताना बेल वाजली. दारात यशोधन. भिजलेला, न झोपलेला.

"आईला टाळत होतो. आता सांगतो, तुझ्यासमोर," तो म्हणाला. त्याने तिथेच फोन लावला, स्पीकरवर.

"आई, योगिनीला हृदयाचा त्रास आहे. यंत्र बसवलंय. मालिनीताईंना माहीत नव्हतं. आणि मला तिच्याशीच लग्न करायचंय."

पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तुझ्या बाबांना चहा ठेवून मी अंगणात गेले होते रे," त्या म्हणाल्या. "आत आले, तर... मला ते पुन्हा बघायचं नाही. तुझ्याही नशिबी नको." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या दुष्ट असत्या तर बरं झालं असतं. त्या बरोबरच बोलत होत्या.

"आता?" मी विचारलं.

"आता तिला रडू दे. उद्या परत फोन करतो."

"आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?"

त्याने चष्मा काढला, ओल्या बाहीने पुसत राहिला.

"तर मला फार वाईट वाटेल, योगिनी," तो म्हणाला. "जन्मभर वाटेल. पण ते वाईट मला इथेच वाटेल... तुझ्याजवळ."