उथळ तलावाची रिकामी ओळ

“हात सोड. कडा काही पळून जात नाही,” पाण्यात उताणा पडलेला भोपळा म्हणाला.

“तू आधी बुडून दाखव,” चिमणी म्हणाली.

ते भोपळ्याला जमणं शक्यच नव्हतं. पाण्यात पडला की तो तरंगायचाच. नाव उगीच पडलं नव्हतं. चिमणी मात्र पोहायला येऊ लागल्यापासून उथळ तलावाची कडा धरून होती. आज तिनं एक हात सोडला होता आणि दुसरा उद्या सोडायचं वचन मावशीला दिलं होतं.

मावशी इथं लहान मुलांना पोहायला शिकवायची. एरवी तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. आज ती शिट्टीची दोरी नुसतीच बोटाला गुंडाळत होती.

“उद्यापासून हा तलाव बंद होईल बहुतेक,” ती म्हणाली. “संध्याकाळी समिती येतेय. दाराशी रंगवलेलं चित्र त्यांनी पाहिलंय, यंदा मुलं निम्मी झाली म्हणे.”

“निम्मी?” चिमणीची ताई ताडकन उठली. तिला सगळे टोपी म्हणत, कारण पोहायची टोपी ती जेवतानाही काढत नसे. “मग रोज पोहायच्या फळीसाठी मारामारी कशाला होते?”

तिघं ओली पावलं उमटवत दाराशी गेली. तिथल्या भिंतीला यंदाच पांढऱ्या चौकोनी फरश्या बसवल्या होत्या. त्यांवर चित्रकारानं दोन निळे चौकोनी तलाव रंगवले होते. मोठ्या तलावाखाली लिहिलं होतं, ‘मागचा उन्हाळा : २०० मुलं’. छोट्याखाली, ‘यंदा : १५०’.

“दीडशे म्हणजे दोनशेचे निम्मे कुठे? पाऊण झाले,” भोपळा म्हणाला.

“पण दिसतंय निम्मंच.” टोपीनं डोळे बारीक केले. “थांब, फरश्या मोजू.”

मोठा तलाव चार फरश्या रुंद, चार उंच. म्हणजे सोळा. छोटा तीन रुंद, तीन उंच. म्हणजे नऊ.

“सोळाचे पाऊण बारा होतात. मग तीन फरश्या कोणी खाल्ल्या?”

चित्रकारकाका शेजारीच शिडीवर चढून ‘धावू नये’ अशी पाटी रंगवत होते. “मी सांगतो,” ते म्हणाले. “मुलं पाऊणपट झाली म्हणून उंची पाऊणपट केली. मग रुंदीही करावीच लागली, नाहीतर चौकोनी तलाव लांबट दिसला असता. चित्र बिघडवणं मला जमत नाही, बाबा.”

“काका, तुम्ही चित्र वाचवलंत आणि आम्हाला बुडवलंत,” टोपी म्हणाली.

दाराशीच बसलेल्या तलावाच्या व्यवस्थापकांनी खुर्चीतूनच हात झटकले. “आकडे लिहिलेत की खाली!”

“ते समितीनं वाचले?”

“चित्र समोर असताना आकडे कोण वाचतो?” असं म्हणताच आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. “बरं, संध्याकाळपर्यंत दुसरं चित्र करा. पण एका नजरेत कळायला हवं.”

भोपळ्यानं झटपट दोन उभ्या पट्ट्या काढून कागद शिडीखाली धरला. “काका, आकडे न बघता सांगा. ही पट्टी त्या पट्टीच्या किती?”

“निम्मी.”

“काहीतरीच!” टोपीनं कागद ओढून घेतला. “अरे, तू पट्ट्या शंभरापासून सुरू केल्यास?”

“कागद पुरेना, म्हणून खालचा भाग गाळला.”

“म्हणजे तुम्हीही बुडवलंत की,” काका वरून म्हणाले आणि शिडी हलेपर्यंत हसले.

टोपी गाल फुगवून बसली. मग एकदम उठून कोठीकडे पळाली आणि पोहायच्या फळ्यांचा ढीग घेऊन आली. “दहा मुलांची एक फळी. सगळ्या फळ्या सारख्या. छोट्या-मोठ्याची भानगडच नको.”

पण वीस फळ्या एका ओळीत मावेनात. तेव्हा व्यवस्थापकांना महिन्यांचे आकडे विचारून तिघांनी दर महिन्याची वेगळी ओळ केली. मागच्या उन्हाळ्याच्या चार ओळी झाल्या, प्रत्येकीत पाच फळ्या. यंदाच्या तीनच, कारण पहिल्या महिन्याचा आकडा शून्य होता.

“उरलेल्या वर सरकवू का?” भोपळ्यानं विचारलं.

“नको. शून्य आहे, तर ती जागा रिकामी दिसू दे.”

संध्याकाळी समितीच्या अध्यक्षबाई आल्या, फळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि थेट रिकाम्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, “बाकी तर सगळं मागच्यासारखंच आहे. याच महिन्यात एकही मूल कसं आलं नाही?”

व्यवस्थापक भिंतीकडे बघू लागले. “तेव्हा... तलावात आणि इथं या फरश्या बसवत होतो आपण. तलाव कोरडा होता.”

“कोरड्या तलावात मीसुद्धा तरंगत नाही,” भोपळा म्हणाला.

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. “आम्हीच तलाव बंद ठेवला आणि आम्हीच मुलांच्या नावानं खडे फोडले. शाबास रे पोरांनो! तलाव चालू राहील. आणि यापुढे इथलं कुठलंही चित्र आधी या तिघांना दाखवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काका भिंतीवरचा छोटा तलाव पुसत होते. “नवीन काढतोय,” त्यांनी हाक मारली. “या बघायला!”

“थांबा जरा,” टोपी ओरडली.

उथळ तलावात चिमणीनं दुसरा हातही सोडला होता. मावशीच्या टाळ्या दारापर्यंत ऐकू येत होत्या. कडा जागच्या जागीच होती.