राजाच्या दंडातलं परकं कडं

शुक्रवारी दुपारी साडेतीनला परीक्षितनं गाडीच्या मागच्या सीटवर अख्खं राज्य भरलं. पत्र्याचा मुकुट, साटिनचं छत्र, फरशी पुसायच्या मॉपची केलेली चवरी, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं एक कडं. पुढे जुईली बसली, मांडीवर सिंहासनाची उशी घेऊन. कुवेतच्या अहमदीत नीरजाच्या घरी नाटकाच्या तालमीला जायला सहा मिनिटं लागतात. तेवढ्यात परीक्षितनं लेकीला दोन थापा मारल्या आणि तिनं दोन्ही पकडल्या.

"बाबा, प्लीज. नोबडी बिलीव्ह्ज यू."

परीक्षितला त्याचं काहीच वाटलं नाही. तेल कंपनीत पाइप कुठे गंजलेत ते शोधायचं त्याचं काम. दिवसभर खरं तेच लिहावं लागतं, मग संध्याकाळी माणसानं थोडं सैल सुटायला नको? मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाचं नाटक दर वर्षी तोच लिहायचा. यंदाच्या नाटकात कोकणातल्या एका कुठल्याच इतिहासात नसलेल्या राजाचा राज्याभिषेक होता. आणि कुठल्याच राजाकडे नव्हतं असं एक राजचिन्ह त्यानं ह्या राजाला दिलं होतं.

हवा भयंकर होती. आखातावरून ओला वारा सुटला की कुवेतमध्ये ऊन परवडलं असं वाटतं. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्मा आंधळा होतो, दाराच्या मुठींना घाम फुटतो, काचांवरून पाणी ओघळतं. नीरजाच्या जुन्या बैठ्या बंगल्याभोवती चिटपाखरू नव्हतं. दूरच्या जळत्या गॅसचा वास तेवढा त्या ओलीत अडकून राहिला होता.

"या, राजगुरू," नीरजा म्हणाली. नाटक तीच बसवायची. "आज काय आणलंत? मागच्या खेपेला परातीची ढाल केली होतीत."

परीक्षितनं टॉवेल उलगडला. दंडात घालायचं जाड, पिवळट कडं. शुक्रवारच्या बाजारात जुन्या नळांच्या ढिगात सापडलेलं. धातू ओळखायचं ऑफिसातलं यंत्र त्यानं त्याला लावून पाहिलं, तर पडद्यावर एकाही धातूचं नाव उमटलं नव्हतं. हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही. एरवी चघळून चघळून सांगण्यासारखी गोष्ट, पण नाही सांगितली.

"ह्याचं नाव द्राउपनिर," तो मांडी घालून बसला, आवाज खाली आणून. "उत्तरेच्या बर्फातला देव ओडिन, त्याचं हे कडं. दर नवव्या रात्री ह्यातून हुबेहूब तशीच आणखी आठ कडी गळायची. त्याचा लाडका मुलगा गेला, बाल्डर. बापानं मुलाच्या चितेवर हे कडं ठेवलं आणि मेलेल्या पोराच्या कानात काहीतरी सांगितलं. काय, ते कुणालाच माहीत नाही. मग देवांनी एक स्वार पाताळात धाडला, म्हणाले, परत द्या आमचं पोर. तिथली राणी म्हणाली, देते. पण जगातल्या झाडून सगळ्यांनी त्याच्यासाठी रडलं पाहिजे. माणसांनी, दगडांनी, लोखंडानंसुद्धा."

"रडले?" राहुलनं विचारलं. तो राजा व्हायचा होता. सुलैबियात गोदाम सांभाळायचा आणि दाढी खरी वाढवली होती.

"सगळे. एक म्हातारी सोडून. ती गुहेत कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. म्हणून पोर तिकडेच राहिलं. त्यानं बापाला आठवण म्हणून कडं तेवढं परत पाठवलं. तेच पुढे गलबतातून आपल्या कोकणात आलं. मुकुट, छत्र, चवरी आणि हे कडं, अशी राजचिन्हं झाली. अभिषेकाच्या वेळी राजानं ते दंडात घालायचं आणि आपल्या एका गेलेल्या माणसासाठी रडायचं. रडला तर राजा."

"अहो, राजा आहे तो! लेकीची पाठवणी करतोय का?" राहुल म्हणाला, आणि सगळे हसले.

जुईली हसली नाही. "यू वुडन्ट नो, बाबा," ती हळूच म्हणाली. "यू नेव्हर क्राइड."

नीरजानं मान फिरवली. खरंच होतं ते. दीड वर्षापूर्वी, रमजानच्या एका दुपारी, त्याची बायको लीना भाजी चिरता चिरता गेली. परीक्षितचा पासपोर्ट तेव्हा इकाम्याच्या, तिथे राहायच्या परवान्याच्या, नूतनीकरणाला दिलेला. शवपेटी नाशिकला गेली, तो विमानतळाच्या मालधक्क्यावरूनच मागे फिरला. अग्नी मेव्हण्यानं दिला, त्यानं तो फोनवर पाहिला. तिच्या कानात काही सांगायचं राहूनच गेलं. शिक्के, सह्या, फोन, परत शिक्के ह्यांतून त्याला रडायला फुरसत झाली नाही, आणि मग ती वेळच निघून गेली. पेटीच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा रडला होता. सालमियातलं घर सोडून तो लेकीला घेऊन कंपनीच्या क्वार्टरमध्ये आला आणि दुपटीनं थापा मारायला लागला. पण रोज सकाळी चहा टाकताना त्याचा हात दुसऱ्या कपाकडे जायचा. जायचाच.

"चला, अभिषेक!" त्यानं टाळी वाजवली.

राहुल उशीवर बसला. जुईलीनं चवरी धरली. राहुलनं कडं दंडात चढवलं, तोंड वेडंवाकडं केलं, डोळे चोळले. काही नाही.

"गार आहे हो हे... फार गार."

"राहुल, कांदा आणू का?" नीरजा म्हणाली. मग थांबली. "एसी बंद केला का कुणी? हे बघा."

मुकुटावरून पाणी ओघळत होतं. पितळी परातीवरून, कुलपावरून, खिडकीच्या गजांवरून. काचांनाही पाझर फुटला होता, आणि तो बाहेरून नव्हता, आतून होता. नीरजानं मुकुट पदरानं पुसला, सवयीनं बोट जिभेला लावलं.

"खारट आहे," ती म्हणाली. भिंतीतून टप... टप... ऐकू येत होतं.

"हवेचा दोष," परीक्षित म्हणाला. त्याचाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. त्या सबंध खोलीत कोरडं असं एकच काही उरलं होतं आणि ते त्याला कळत होतं. "राहुल, दे इकडे. मी दाखवतो कसं करायचं."

कडं दंडात बसलं, जणू मापानं केलेलं. गार. मग ऊब आली... कुणी नुकतंच काढून दिल्यासारखी. आणि त्या उबेबरोबर वास आला, तुपाचा आणि ओल्या लाकडाच्या धुराचा. फोनच्या पडद्यावरून जो वास त्या दिवशी येऊ शकला नव्हता, तो.

"लीना," तो म्हणाला. नाटकातलं वाक्य हे नव्हतंच. "लीना, अगं, मी येणार होतो..."

आणि परीक्षित रडला. तोंडावर हात न घेता, लहान मुलासारखा आवाज काढून. जुईलीनं चवरी टाकून त्याला मिठी मारली. भिंतीतलं टपटपणं थांबलं. मुकुट, परात, काचा, सगळं एका क्षणात कोरडं ठणठणीत झालं.

त्याचा फोन वाजला. झरीन. सालमियातल्या त्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता ती आणि तिचा नवरा राहायचे. मूळची रत्नागिरीची, स्वभावानं सरळ. लीनाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, ती गेल्याचंही तिला ठाऊक नव्हतं.

"परीक्षितभाई, झरीन बोलत्ये. जरा घोटाळा झालाय. मी नमाजला बसले होते, तर एक बाई किल्लीनं दार उघडून आत आली. लीना नाव सांगते. आमचं घर कुठे गेलं, म्हणून विचारते."

परीक्षितनं विचारलं, "कशी... कशी आहे ती?"

"बरी आहे हो. दमलेली दिसते. चालत आल्यासारखी. जुईलीला बघायचंय म्हणते." झरीनचा आवाज एकदम खाली आला. "तुमचा पत्ता देणार होते मी. पण भाई... देऊ कोणाला? जिन्यात आणखी आठ जणी उभ्या आहेत. तोंडं सगळ्यांची तीच. सगळ्याच म्हणतात, मी लीना."

जुईली त्याच्या छातीशी होती. तिचे केस त्याच्या हनुवटीला लागत होते. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. परीक्षितनं तिला घट्ट धरलं आणि डोळे मिटले.

"सगळ्यांना द्या," तो म्हणाला. आणि एकीचीही वाट चुकायला नको म्हणून पत्ता त्यानं सावकाश, दोनदा सांगितला.