डाव्या हाताच्या रेघा

भुतं फक्त रात्रीच येतात असं तुम्हाला वाटत असेल, तर ही गोष्ट तुम्हाला पटायची नाही.

यात रात्र नाहीच. जे झालं ते बहुतेक भर दुपारी, दीड ते तीनच्या मध्ये, शटर ओढलेल्या एका वर्कशॉपमध्ये. अकरा वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका मंगळवारी सुरू झालं आणि पुढच्या सोमवारी सकाळी संपलं.

संपलं असं आम्ही म्हणतो. मावशी म्हणत नाही.

ही माझी सख्खी मावशी. स्वतःचं वय सोडलं तर ती कशाबद्दलच खोटं बोलत नाही. तिने जसं सांगितलं, तसंच सांगतो.

मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, पॉलिशचं वर्कशॉप. खाली काम, वर घर. जुन्या गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे भाग मळकट, पांढुरके पडतात ना, ते घासून-पुसून आरशासारखे करून द्यायचे, हा धंदा. मावशी काकांची दुसरी बायको. पहिली तापाने आठ दिवसांत गेली होती, तेव्हा तिला जाऊन सात वर्षं झाली होती.

आणि वर्कशॉपमधला खरा हात त्या पहिलीचा होता. ती डावखुरी होती. तिने घासलेल्या झाकणात बघून म्हणे लोक भांग पाडायचे.

मावशी लग्नानंतर हेच काम शिकली. चांगलं शिकली. पण गिऱ्हाईक आलं की भाग हातात घ्यायचं, उन्हात तिरका धरायचं आणि म्हणायचं, "छान झालंय हो, नव्या वहिनी. पण त्या वहिनींचा हात म्हणजे..."

पुढचं वाक्य कुणीच पुरं करायचं नाही. चार वर्षं झाली तरी ही 'नवी'च. मावशीच्या अंगाचा तीळपापड व्हायचा. जिवंत सवतीशी भांडता तरी येतं, मेलेलीशी काय भांडणार?

त्यात घरात मिरची.

मिरची म्हणजे पहिलीची मुलगी. वय वीस, नाकाच्या शेंड्यावर राग, म्हणून मिरची. ती मावशीला 'काकू' म्हणायची. 'अहो काकू, मीठ द्या.' 'अहो काकू, तुमचा फोन.' उलट बोलली नाही, भांडली नाही. फक्त चार वर्षांत एकदाही 'आई' म्हणाली नाही.

मावशीला तेवढंच हवं होतं. एकदा, चुकून का होईना.

त्या मार्चमध्ये मिरचीला नोकरी लागली. सोमवारी पहिला दिवस. जेवताना ती वडिलांना म्हणाली, "बाबा, मला आईची स्कूटर हवी."

स्कूटर सात वर्षं ताडपत्रीखाली होती. काका म्हणाले, "इंजिन मी करतो. पण पॉलिश..." आणि ताटात बघत बसले.

"मी करते," मावशी म्हणाली.

मनात दोन गोष्टी होत्या, हे ती स्वतःच सांगते. एक, स्कूटर बघून पोरगी खूश होईल. आणि दुसरी... त्या गाडीवरचा पहिलीचा हात एकदाचा पुसला जाईल.

मंगळवारी सकाळी तिने इंजिनाचं झाकण बाकाला बसवलेल्या पकडीत आवळलं. जुना थर काढला, बादलीत स्वच्छ पाणी भरलं आणि चारशे नंबरचा पॉलिश कागद ओला करून घासायला लागली.

इथे कामाची एक गोष्ट समजून घ्या. नंबर जेवढा मोठा, कागद तेवढा बारीक. एका नंबरचा कागद संपेपर्यंत हात एकाच दिशेने चालवायचा. मग भाग फिरवून पुढच्या नंबरच्या रेघा त्यावर आडव्या मारायच्या. खालच्या रेघा पार गेल्या की त्यापुढचा कागद. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघा उजवीकडे कलतात. डावखुऱ्याच्या डावीकडे.

दीड वाजता काम अर्धं टाकून मावशीने शटर ओढलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि वर जेवायला गेली. काका जेवून आडवे झाले. मिरची बाहेर गेली होती.

तीनला तिने शटर उघडलं.

झाकण पूर्ण घासलेलं होतं.

बादलीतलं पाणी राखाडी झालं होतं.

आणि रेघा...

रेघा डावीकडे कलल्या होत्या.

तिने वर जाऊन काकांना हलवलं. "तुम्ही खाली आला होतात?"

"मी? अगं, घोरत होतो मी. तूच म्हणतेस ना, गल्लीभर ऐकू जातं म्हणून?"

मावशी परत खाली आली. भीती वाटली का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, "भीती नंतर. आधी पोटात दुखलं. रेघा माझ्यापेक्षा बारीक होत्या रे. एकसारख्या. एकही चुकार ओरखडा नाही."

मग तिने एक गोष्ट केली. झाकण घाईघाईने पुढचे कागद मारून बफच्या, म्हणजे चमक आणणाऱ्या कापडी चाकावर धरलं. रेघा गेल्या. आता कुणाचा हात होता ते कुणालाच कळणार नव्हतं.

संध्याकाळी काकांनी झाकण उन्हात धरलं. बराच वेळ बघत राहिले.

"आज हात बसला तुझा," ते म्हणाले. "अगदी..."



मावशीने मान खाली घातली आणि ते कौतुक घेतलं. दुसऱ्याचं होतं, तरी घेतलं.

बुधवारी चाकाचा ड्रम. दीडला कुलूप, वर जेवण. पण या वेळी तिला घास उतरेना. अडीचला ती पावलं न वाजवता जिना उतरली आणि शटरला कान लावला.

खस्... खस्... खस्...

डुबुक.

खस्... खस्... खस्...

डुबुक.

आत कुणीतरी तीन हात मारत होतं आणि कागद पाण्यात बुडवत होतं. मावशी दहा हात मारून बुडवायची. तीनावर कोण बुडवायचं, हे काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. 'ती तीनावर बुडवायची. म्हणून तिचा कागद कधी भरायचा नाही.'

तिने कुलूप काढलं आणि धाडकन शटर वर केलं.

कुणी नव्हतं.

स्टूल पकडीच्या डाव्या बाजूला सरकलेलं होतं. बादलीतलं पाणी अजून हलत होतं. फरशी मात्र कोरडी ठणठणीत. ओल्या हाताचा एक थेंबही कुठे नव्हता.

दुसरी कुणी असती तर तिथेच गार पडली असती. मावशीच्या डोक्यात सणक गेली.

गुरुवारी ती जेवायला गेलीच नाही. आतून शटर लावलं आणि हातात कागद न घेता स्टुलावर बसून राहिली. दीड... दोन... अडीच... काही नाही. पंख्याचासुद्धा आवाज नाही, कारण तिने तो बंद केला होता.

शेवटी तीच बोलली. रिकाम्या वर्कशॉपला.

"एवढा जीव अडकला होता तर जायचं कशाला? नवरा तुझाच म्हणतात. हात तुझाच म्हणतात. पोरगीपण तुझीच. माझ्याकडे आहे काय? निदान ही एक गाडी तरी करू दे मला!"



फक्त डाव्या बाजूला... अगदी जवळ... कुणीतरी श्वास रोखून धरावा, तशी शांतता झाली.

शुक्रवारी दुपारी लिव्हर आणि पायाखालच्या पट्ट्या आपोआप झाल्या. मावशीने ऐकायचंसुद्धा टाळलं. शनिवारी एकच भाग उरला. हँडलच्या वरचं झाकण. गाडी चालवताना मिरचीच्या डोळ्यांसमोर राहणार होतं ते हेच.

हा तुकडा सोडून हलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण हात काळे झाले म्हणून ती नळावर गेली. मोजून दोन मिनिटं.

परत आली तर झाकण दोन हजार नंबरपर्यंत घासून तयार. डाव्या कलाच्या रेघा, केसाहून बारीक.

दोन मिनिटांत!

मावशीने फळीवरून ऐंशी नंबरचा कागद उचलला. हा कागद गंज काढायला वापरतात. पॉलिशच्या कामाला कुणी शहाणा माणूस तो लावत नाही. तिने तो त्या झाकणावर दाबला आणि सगळं ओरबाडून टाकलं. सगळं! मेलेल्या बाईचं काम तिने खरवडून काढलं, आणि खरवडताना दात-ओठ खात होती, हेही तीच सांगते.

मग पहिल्यापासून सुरुवात. शंभर, दोनशे, चारशे. जेवण नाही, पाणी नाही. काकांनी दोनदा हाक मारली, ती हलली नाही.

सहाशेच्या कागदावर समोरून कागद ओढल्यासारखा झाला. तिने घट्ट धरला.

हजारच्या कागदावर डावीकडून आवाज आला. घासण्याचा नव्हता.

बारीक... दाबलेला... कुणीतरी पदर तोंडात कोंबून रडतंय, असा.

"रड," मावशी म्हणाली. "मी चार वर्षं रडलेय."

हात थांबवला नाही.

संध्याकाळी बफवरून झाकण काढलं तेव्हा त्यात तिचा चेहरा लख्ख दिसत होता. काजळी लागलेला, घामेजलेला, पण तिचाच. बाकी भागांइतकंच ते चमकत होतं. आणि हे शंभर टक्के तिचं होतं. त्या रात्री ती आडवी पडली ती सकाळीच उठली. रविवारी काकांनी गाडी जोडली. डावीकडून कसलाही आवाज नव्हता.

सोमवारी सकाळी साडेआठला मिरची खाली आली.

स्कूटर शटरबाहेर उन्हात उभी होती. काका पान्हा घेऊन बाजूला. मावशी गाडीच्या पुढे, हात पुसत. वर्कशॉप तिच्या पाठीमागे, रिकामं.

मिरची गाडीभोवती एक फेरी मारून आली. इंजिनाचं झाकण बघितलं, काही बोलली नाही. चाकं बघितली, बोलली नाही. मग सीटवर बसली आणि हँडलवरच्या झाकणात तिला स्वतःचा चेहरा दिसला. तिने त्यावरून बोट फिरवलं.

तिचे डोळे भरले. तिने मान वर करून मावशीकडे बघितलं. थेट मावशीकडेच. दुसऱ्या कुणाकडेही नाही.

"आई! अगं, काय केलंस हे!"

काकू नाही. अहो नाही. अगं.

 मावशी ओ द्यायला तोंड उघडणार...

"काय गं बाळा?"

आवाज मागून आला. पकडीपासून. डाव्या बाजूने.

मावशीने मिरचीला कधी 'बाळा' म्हटलं नव्हतं. तेवढी मुभाच नव्हती. तिचे ओठ मिटलेले होते.

मिरचीला काहीच वेगळं वाटलं नाही. ती मावशीकडे बघूनच हसली. "काही नाही गं. नुसतं बघतेय. येते मी!" गाडी सुरू झाली आणि ती गेली.

मावशीने काकांकडे पाहिलं. त्यांच्या हातातला पान्हा खाली पडला होता. ते मावशीकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून आत, पकडीकडे बघत होते. त्यांनी त्यावर एक शब्दही विचारला नाही. आजतागायत नाही.

मावशी म्हणते, "ते झाकण मी केलं होतं रे. एकटीने. हाक माझी होती. ओ तिने दिली."

मिरची त्या दिवसापासून तिला आईच म्हणते. दिवसातून दहा वेळा. आता तिचं लग्न झालंय, तरी दारातूनच हाक मारत येते. मावशी मात्र लगेच ओ देत नाही. हातातलं काम थांबवते, श्वास रोखते आणि डावीकडे कान देते. बहुतेक वेळा काही ऐकू येत नाही. मग ती घाईघाईने 'ओ' म्हणते, आणि आपण आधी दिली याचा तिला इतका आनंद होतो, की स्वतःचीच भीती वाटते.

पण कधी कधी... ती थांबलेली असते, आणि दारातली मिरची कुणाच्या तरी बोलण्यावर हसून म्हणते,

"हो गं, जेवून आलेय मी."

मावशीने काही विचारलेलंच नसतं.