थॅडने न सांगितलेलं

त्या सकाळी मी एका माणसाला जिवंत गाडलं.

खरंच सांगते! अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या महापालिकेची बर्फ काढायची गाडी चालवते मी. वळणावर पातं जरा तिरकं झालं आणि रस्त्यावरचा सगळा ढीग कडेच्या निळ्या मोटारीवर जाऊन पडला. तेवढ्यात आतून हॉर्न वाजला…

फावडं घेऊन धावले. कसंबसं दार उघडलं आणि दोन पावलं मागेच सरकले. बाहेर येणारा माणूस संपतच नव्हता!

"आपलं काही जुनं वैर आहे का हो?" दाढीतला बर्फ झटकत त्याने विचारलं.

"माफ करा… मला वाटलं, मोटार रिकामी आहे."

"एकशे चाळीस किलोचा माणूस दिसला नाही तुम्हाला?"

मला हसू फुटलं. मग त्यालाही. गालावर चक्क खळी पडत होती त्याच्या!

थॅडियस ब्रूसार्ड. लुइझियानाचा. सहा वर्षं इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात. अख्खं शहर ज्या संघापायी वेडं, त्यातला खेळाडू मी ओळखलाच नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "चेंडू फेकणाऱ्याला वाचवायचं, अंगावर येणाऱ्यांना छातीवर घ्यायचं, एवढंच माझं काम. चेंडू हातात येतच नाही. आणि तुमचं नाव?"

"इरेना. मला तुमचा खेळ अजिबात आवडत नाही हं."

"मग कॉफी तरी आवडते का?"

आवडत होती… आठवड्यातून एकदाची कॉफी तीनदा होऊ लागली, 'अहो'चं 'अरे' झालं. माझी बोटं त्याच्या पंजात पार हरवून जायची, आणि तो ती मुद्दाम उशिरा सोडायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर नेलं. दुसऱ्याच डावात दोघं एकदम त्याच्यावर आदळले. ते उठले. थॅड उठला नाही.

सत्तर हजार माणसं गप्प झाली. मी पायऱ्या कशा उतरले, आठवत नाही. रखवालदाराने अडवलं, "तुम्ही कोण त्यांच्या?"

"बायको!" मी म्हणाले. स्वतःच दचकले… पण त्याच्यासोबत रुग्णवाहिकेत चढले.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई मला 'मिसेस ब्रूसार्ड' म्हणूनच भेटल्या. "हातपाय हलताहेत, नशीब समजा. पण खेळ संपला. मानेच्या मणक्यांत मज्जारज्जूला जागा फारच अरुंद आहे. महिन्यापूर्वी ते गुपचूप तपासून घेऊन गेले, तेव्हाच मी सांगितलं होतं, पुन्हा उतरू नका. तुम्हाला बोलले नाहीत?"

महिनाभर! महिनाभर माझ्यासमोर बसून हसत होता हा…

गळ्याला जाड पट्टा बांधून तो छताकडे बघत पडला होता.

"संघाला सांगितलं होतंस?"

"नाही."

"आईला?"

"नाही." त्याचे डोळे भरून आले. "आठ वर्षांचा होतो तेव्हापासून हेच करतोय, इरेना. दुसरं काहीच येत नाही मला. वाटलं, एवढा एकच मोसम…"

"आणि पांगळा झाला असतास म्हणजे? मी काय करायचं होतं रे?" माझा आवाज इतका चढला, की दारातून नर्स डोकावली. "संघाला नको सांगूस, पण मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली असतीस, सोड."

"म्हणालेच असते!"

"आणि मी सोडलं असतं," तो हळूच म्हणाला. "प्रशिक्षकांचं नसतं ऐकलं, आईचंही नसतं… तुझं ऐकलं असतं. म्हणूनच नाही सांगितलं."

मी बघतच राहिले.

"हे असं सांगतात का रे कुणाला…" कसंबसं पुटपुटले, आणि पट्ट्याला धक्का लागणार नाही अशी वाकून त्याच्या कपाळावर ओठ टेकले.