कंसातली शेळी

माणसाच्या इतिहासात मोठे क्षण तीनच. पहिला, त्याला आग सापडली तो. दुसरा, चाक सापडलं तो. आणि तिसरा, 'कानगोष्ट' नावाच्या ॲपची तीन पॉइंट शून्य ही आवृत्ती आली तो. हा तिसरा क्षण लोहाऱ्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी उगवला. तेव्हा लाईट गेलेली होती, आणि अखिल मानवजातीच्या वतीनं हजर असलेली एकटी शिवांजली एकवीस टक्के चार्जिंगचा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर उभी होती. कारण रेंज पायरीवरच येत होती.

दुकान तहसील कार्यालयासमोरचं. अर्ध्या भागात शिवांजलीचे वडील उत्तरेश्वरराव झेरॉक्स काढायचे, उरलेल्या अर्ध्यात शिवांजली मोबाईलच्या काचा बसवायची आणि ऑनलाइन फॉर्म भरायची. पण हा झाला पोटाचा व्यवहार. जीव तिचा नव्या वस्तूंत. लोक नव्या नवरीला बघायला जातात तशी ती नव्या फोनला बघायची. घडीचा फोन निघाला, तेव्हा ती व्हिडिओसमोर "अगं बाई!" म्हणून उभी राहिली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. आईनं कपाळाला हात लावून ताप बघितला. 'काही किरकोळ सुधारणा केल्या आहेत' एवढंच लिहिलेलं अपडेट आलं, की आपण सोडून देतो. ती मात्र तीन दिवस शोधायची आणि चौथ्या दिवशी भरल्या डोळ्यांनी सांगायची, "पप्पा, बटणाचा कोपरा गोल केलाय…"

"चालतंय त्याला हात लावू नये," एवढंच उत्तरेश्वरराव म्हणायचे. त्यांचं झेरॉक्स मशीन या तत्त्वावर चौदा वर्षं चाललं होतं.

शिवांजलीला ते पटत नसे. अपडेट आलं की खाली दोन बटणं येतात, 'आता' आणि 'नंतर'. त्यातलं 'नंतर' कुणासाठी ठेवलंय, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

तर, त्या मंगळवारी पायरीवर कानगोष्ट सुरू झाली. समोरचा माणूस जे बोलेल ते फोन पडद्यावर मराठीत लिहून दाखवणार होता. नुसतं बोलणं नाही, आजूबाजूचे आवाजसुद्धा कंसात. शिवांजलीनं श्वास रोखला…

"ओ मॅडम, फॉर्म द्या."

तिनं मागं पाहिलं. उन्हानं पापण्या भुरकट झालेला एक उंच तरुण उभा होता. बाहेर पाऊस पडत नव्हता. प्रेमकथेची सोय बघून लोहाऱ्यात पाऊस पडत नाही.

"कसला फॉर्म?"

"शेरडांच्या कानातल्या बिल्ल्यांचा. म्या कालच नेला व्हता. शेळीनं खाल्ला."

फोननं लिहिलं: *(शेळीचा आवाज) कालच नेला होता. शेळीने खाल्ला.*

शिवांजलीच्या अंगावर काटा आला. जनावराचा आवाज वेगळा ओळखला! माणसापासून निवडून, कंसात ठेवला! तिनं काउंटरखाली वाकून पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं. मग त्या तरुणाच्या पाठीमागं.

"काय हुडकायलाव?"

"शेळी."

"शेळी माकणीला हाय."

"फोन म्हणतोय, इथं आहे."

तरुणानं फोनकडं पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही बाजूंना. "म्या तर एकलाच आलोय."

*(शेळीचा आवाज) तर एकटाच आलो आहे.*

दोघं पडद्याकडं बघत राहिले. मग एकमेकांकडं. मग तिला हसू फुटलं, आणि तिनं ते ओढणीत दाबलं, कारण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.

"राग नका मानू, हे तुमच्या 'म्या'ला…"

"कशापायी राग? शाळंत गुरुजी बी ह्येच म्हनायचे. 'सिदू, म्या म्या करतूस, शेळी हायेस का?' तवापासनं आई मला लाडानं करड्याच म्हनायची."

"म्हणायची? आता नाही म्हणत?"

सिदूनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "चार वर्सं झाली, तिला ऐकू येत न्हाय. शिबिरात मशीन दिलं व्हतं, तर म्हनली कानात कुकर बसवल्यावानी शिट्ट्या व्हत्यात. ठिवलंय डब्यात. आता ती हाक मारत न्हाय. म्हनती, ओ दिल्याली कळत न्हाय तर हाक मारून काय उपेग."

"मग घरात बोलता कसं?"

"खुनंनं. भाकरी. पानी. शेरडं आली, शेरडं गेली."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं… ऱ्हायलंय."

लाईट आली. झेरॉक्स मशीन गुरगुरलं. फॉर्म काढायचं दोघांनाही आठवलं नाही.

"मॅडम," त्यानं हळूच फोनकडं बोट केलं, "हे वाचायला ऐकू यावं लागत न्हाय ना? आई चौथी शिकलीय."

अशी ती सुरुवात.

शिवांजलीनं त्याच दिवशी कंपनीला कळवलं की, म्या म्हणजे मी; शेळी नव्हे. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे,' असं उत्तर आलं. तिनं पुरावा म्हणून सिदूचा आवाज पाठवायचं ठरवलं, म्हणून तो दर बाजाराच्या दिवशी जीपनं यायला लागला. ती वाक्यं लिहून द्यायची, तो वाचायचा. म्या जेवलो. म्या झोपलो. म्या उद्या येईन.

"हे शेवटचं लई येळा लिवलंय," एकदा तो म्हणाला.

"कंपनीला नमुने जास्त लागतात," ती म्हणाली आणि उगाच ड्रॉवर उघडून बंद केला.

दोन महिन्यांनी तीन पॉइंट दोन आली. शिवांजलीनं देवाला हात जोडून ती घेतली. सिदू म्हणाला, "म्या." पडद्यावरचा कंस गेला होता. त्याच्या जागी शेळीचं छोटंसं चित्र आलं होतं.

"अगं बाई," शिवांजली पुटपुटली, "शिंगांसकट!"

"दाढी बी हाय," सिदू म्हणाला. त्यालाही आता ते वेड लागत होतं.

मधल्या काळात सिदूच्या साध्या फोनची काच फार फुटायला लागली. महिन्यात तीनदा. काच बसवताना खाली हवेचा फुगा राहतो, तो अंगठ्यानं दाबत कडेला न्यावा लागतो. तो एका बाजूनं दाबायचा, ती दुसऱ्या बाजूनं. फुगा मधोमध सापडायचा, आणि बराच वेळ कुठंच जायचा नाही.

"चौथ्यांदा फुटली तर मी बसवणार नाही हं. फुटते तरी कशी?"

"म्याच फोडतो."

काउंटरवरच्या फोनवर उमटलं: शेळीचं चित्र, पुढं *फोडतो*.

"शेळी फोडते म्हणतोय."

"मग शेळीलाच इचारा, कशापायी फोडती."

तिनं विचारलं नाही. कानशिलं मात्र लाल झाली. पलीकडं उत्तरेश्वररावांनी एकाच आधारकार्डाच्या अकरा प्रती काढल्या.

पाच महिन्यांत एकतीस तक्रारी झाल्या. म्या होता तिथंच, शिंगांसकट. शेवटी सिदूच म्हणाला, "यंत्राला बदलता येईना, तर माझं मला बदलाया येतंय की." आणि तो 'मी' म्हणायला शिकला. तहसीलच्या व्हरांड्यात अर्ज वाचून दाखवणाऱ्या कारकुनासारखा बोलायला लागला. फोन एक अक्षर चुकेना. शिवांजलीनं टाळ्या वाजवल्या… पण घरी जाताना तिला वाटलं, आज सिदू आलाच नव्हता.

रविवारी ती माकणीला गेली. वडिलांना डेमो आहे असं सांगितलं. "चार्जर घेऊन जा," ते म्हणाले. त्यांना काय कळलं होतं ते त्यांनाच ठाऊक.

सिदूच्या घराच्या मागं धरणाचं पाणी उन्हात चमकत होतं. अंगणात शेरडं, एक खुंट्याला बांधलेली लाल शेळी, आणि ओसरीवर त्याची आई, विठाबाई. तिनं शिवांजलीला वरपासून खालपर्यंत पाहिलं, चहा दिला, आणि खुणेनं विचारलं, साखर? शिवांजलीनं खुणेनं सांगितलं, पुरे. तेवढ्यात बोलणं संपलं. पुढं काय, ते दोघींनाही कळेना. चार वर्षं या घरात रोज असंच होत असणार, असं तिच्या मनात आलं.

तिनं तांब्याला टेकवून फोन उभा केला. सिदूनं घसा साफ केला.

"आई, मी सिदू बोलत आहे. तुझी तब्येत कशी आहे?"

एक काना, एक मात्रा चुकली नाही. विठाबाईनं दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावला, वाकली, बराच वेळ बघत राहिली.

"कोन हाय ह्यो?" ती मोठ्यानं म्हणाली. स्वतःचाही आवाज ऐकू येत नसल्यानं ती मोठ्यानंच बोलायची. "तलाठी हाय का? माझा सिदू न्हाय आसा बोलत."

सिदूची मान खाली गेली. पाच महिन्यांची मेहनत तांब्याला टेकून उभी होती.

"तुमचं बोला," शिवांजली हळूच म्हणाली.

"शेळी ईल."

"येऊ द्या."

त्यानं तिच्याकडं एकदा पाहिलं. मग फोनकडं वाकला.

"आई… म्या हाय."

*आई*, मग शिंगांसकट ती शेळी, मग *आहे*.

विठाबाईचं बोट पुढं आलं. पडद्यावरच्या चित्रावर थांबलं. नुकत्याच जन्मलेल्या करडाचा कान चाचपावा, तसं ते फिरलं.

"करड्या?"

"व्हय."

*होय.*

"करड्या!"

"व्हय, आई."

*होय, आई.*

तिचं काहीच काम नव्हतं. नुसती हाक मारायची, आणि ओ आलेली वाचायची. सात-आठ वेळा मारली असेल. सिदू प्रत्येक वेळी ओ देत होता आणि शेवटी शेवटी त्याचा आवाज असा व्हायला लागला, की फोननं एकदा कंसात *(अस्पष्ट)* लिहिलं.

शिवांजली "अगं बाई" म्हणाली नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, आणि तिला ते उचलता येत नव्हते.

आणि नेमकं तेव्हाच, आई आणि लेकाच्या मधोमध, पडद्यावर पाटी आली. *कानगोष्ट ४.० उपलब्ध. मराठी बोलींसाठी सुधारणा: 'म्या' हा शब्द आता अचूक ओळखला जाईल.* तिची एकतीस पत्रं, पाच महिने! कुणीतरी कुठंतरी बसून वाचली होती! खाली दोन बटणं. *आता. नंतर.*

तिचं बोट सवयीनं वर गेलं. विठाबाई पाटीच्या कडेतून त्या शेळीला हुडकत होती.

शिवांजलीनं 'नंतर' दाबलं.

सिदू बघतच राहिला. "मॅडम… अपडेट?"

"नको."

"तुमी? नको म्हनायलाव?"

"चालतंय त्याला हात लावू नये," ती म्हणाली. आवाज वडिलांचा लागला, म्हणून तिलाच हसू आलं. "हा फोन इथंच राहू द्या. असाच."

"अन् तुमी फोनबिगर?"

"दुकानात जुने आहेत. मी येत जाईन… बघायला."

"फोनला?"

"फोनला."

"निस्तं फोनला?"

ती खुंट्याच्या शेळीकडं बघायला लागली. सिदूला मग तोंडावर बोलायचा धीर होईना, म्हणून त्यानं तांब्याकडं तोंड केलं.

"आई, लई दिसांचं ऱ्हायलंय. म्या एकीला पसंत केलंय. तिला आजून सांगितलं न्हाय. ती… हितंच बसलीय."

ओळ उमटत गेली. विठाबाईनं फोन पाहिला, सिदूचा चेहरा पाहिला, मग शिवांजलीचा, आणि चेहऱ्यांवरच जास्त वेळ रेंगाळली.

"शेरडाला पसंत हायेस म्हनं तू," ती अख्ख्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. "तुझं काय, पोरी?"

शिवांजली जन्मभर 'मी' म्हणत आली होती. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस होतं तिला. ती फोनवर वाकली, वेणी पुढं आली, आणि अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली,

"म्या बी."

पडद्यावर पहिल्या शेळीखाली दुसरी शेळी येऊन उभी राहिली. पुढं एवढंच: *पण.*

सिदूनं टॉवेलात तोंड लपवलं. अंगणातली लाल शेळी त्याच घडीला मोठ्यानं ओरडली, आणि फोननं तेही इमानानं लिहून घेतलं: *मी.*

मग विठाबाईनं फोन तांब्यापासून उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. दोघं खाली मान घालून थांबले. आता ती काय म्हणेल, यावर दोन जन्मांचं ठरणार होतं.

"समदं ब्येस हाय, पोरी," विठाबाईनं फोन तिच्या हातात दिला, "तेवढं अक्षर जरा मोठं करून दी. मघापासनं निस्ती शेरडंच दिसायलीत, बाकीचं म्या अंदाजानं वाचलंय."