चाकांवरची खाट

लग्नघरची शेवटची पंगत उठली आणि लाइट गेली. मंडपात कुणी मोबाइलचा टॉर्च लावला, कुणी आचाऱ्याला हाक मारली, आणि पाच मिनिटांत सगळी तरुण मंडळी सतरंजीवर गुणवंतरावांभोवती येऊन बसली. गुणवंतराव पस्तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. अहेरी, एटापल्ली, भामरागड, सगळे जंगलातले रस्ते त्यांच्या चाकाखालून गेलेले. रात्रीच्या रस्त्याबद्दल विचारलं की ते एरवी विषय बदलायचे. त्या रात्री बदलला नाही.

“भूत मी नाई पाहिलं,” ते म्हणाले. “खोटं काऊन सांगू? पण वाजिदले मी तो एवढासा होता तेव्हापासून ओळखतो. त्याचा बाप आमच्या डेपोत मेकॅनिक होता. पोरगा बाता मारणारा नाई. त्यानं मले जे सांगितलं, तेच तुमाले सांगतो. मधात कोणी हसायचं नाई.”

कोणी हसलं नाही. मग त्यांनी सांगितलं ते असं.

वाजिद राहायला बल्लारपूरला. स्वतःची पिकअप गाडी, मिळेल ते भाडं मारायचा. एक दिवस त्याला नागपूरहून फोन आला. चार मित्र कन्याकुमारीहून काश्मीरला निघालेत, सिरोंच्यापासून नागपूरपर्यंत त्यांच्या मागे गाडी ठेवायची आहे. सामान, पाणी, गाद्या गाडीत. मित्र कशावर निघाले असतील? सायकलवर नाही. स्केटबोर्डवर. हातभर लांब फळी, खाली चार चाकं. एक पाय फळीवर ठेवायचा आणि दुसऱ्याने रस्ता मागे ढकलत राहायचं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांपर्यंत रक्त पोचवणारी गाडी घ्यायला पैसे जमवायचे म्हणून हा सगळा खटाटोप. गाव आलं की थांबायचे, शाळेत बोलायचे, पुन्हा फळीवर.

वाजिदला आधी हसू आलं होतं. पण दोन दिवस त्यांच्या मागे हळूहळू गाडी चालवल्यावर त्याला ती पोरं आवडायला लागली. म्होरक्या पियुष, नागपूरचा. दिव्यानी, नर्सिंगचं शिकलेली, कमी बोलणारी. सुरज आणि रीना त्यांच्याच कॉलेजातले. पायांना फोड आले होते, तरी कुरकुर नाही.

आलापल्लीच्या पुढे एका शाळेत मुक्काम पडला. जेवताना पियुष म्हणाला, “भाऊ, उद्या पहाटे पावणेचारले निघू. सातनंतर खाणीतून लोखंडाच्या मातीचे ट्रक सुरू होतात, मंग रस्ता आपला नाई राहत.”

वाजिदचा घास हातातच राहिला. “उजाडल्यावर निघा.”

“काऊन?”

“हा पट्टा चांगला नाई.”

“नवाकोरा सिमेंट रोड हाय, भाऊ. असा तर आमाले आठ दिवसांत नाई भेटला.”

वाजिदने ताट बाजूला सारलं. अडीच वर्षं झाली होती, तो त्या पट्ट्यातून अंधार पडल्यावर गेला नव्हता. वीस किलोमीटरचा फेर पडला तरी दुसऱ्या रस्त्याने जायचा. बायकोलाही कारण माहीत नव्हतं. तो एवढंच म्हणाला, “ठीक हाय. तुमी म्हणान तसं.”

दोन हजार चोवीस साल. फेब्रुवारीची तेवीस तारीख, शुक्रवार. ठरल्याप्रमाणे पावणेचारला ते निघाले. पुनवेला एक दिवस बाकी होता. चंद्र पश्चिमेला कललेला आणि सागाच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या. पानगळीचे दिवस. सागाची मोठाली वाळकी पानं रस्ताभर पसरली होती, चाकाखाली आली की पापडासारखी मोडायची. पुढे चौघं, प्रत्येकाच्या कपाळाला दिवा. मागे वाजिदची पिकअप, दुसऱ्या गिअरमध्ये. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधली फट आली की फळ्यांची चाकं टक-टक वाजत. वाजिद त्या आवाजाकडे लक्ष देऊन बसला होता. बाजूला बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी बॉनेटखाली काहीतरी फाटकन तुटलं. स्टिअरिंगजवळ लाल दिवा लागला. वाजिदने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडून पाहिलं. फॅनबेल्ट. दोन तुकडे. त्याने इंजिन बंद केलं.

आणि मग कळलं, की आपण कुठे थांबलोय.

पुढे पन्नास पावलांवर पूल होता. लहानसा, खालून नाला. उन्हाळ्याच्या तोंडाला कोरडाच.

चौघं परत आली. “नवा बेल्ट लागन,” वाजिद म्हणाला. “पुढच्या गावात भेटन. सात किलोमीटर हाय. सकाळी जातो. तोवर सगळे गाडीत बसा.”

“कोणी येऊन राह्यलं,” रीना म्हणाली.

पुलाजवळच्या पायवाटेने जंगलातून एक उजेड येत होता. बॅटरीचा, पिवळा, संपत आलेला. उजेडामागे एक म्हातारी. तिच्यामागे दोन माणसं, एक पुढे, एक मागे, दोघांच्या डोक्यावर खाट. खाटेच्या सावलीत त्यांचे चेहरे दिसत नव्हते. खाटेवर घोंगडं पांघरून कोणीतरी निजलेलं होतं.

वाजिद केबिनमध्ये जाऊन बसला. काच वर केली.

बंद काचेतून त्याला ऐकू येत होतं. म्हातारी पियुषला म्हणाली, “बाबू, माह्या सुनेले कळा सुरू हायेत. दवाखाना किती लांब हाय जी?”

“पुढच्या गावात, सात किलोमीटर, आई. पण आमची गाडी बिघडली.”

म्हातारीने बॅटरी खाली केली. माणसांनी खाट रस्त्यावर टेकवली. दिव्यानी गुडघ्यावर बसली, घोंगड्यातला हात हातात घेतला. बराच वेळ नाडी शोधत राहिली. रीनाने मोबाइल वर धरून पाहिला, रेंज नव्हती.

“हात बर्फासारखा हाय,” दिव्यानी म्हणाली. “लवकर न्यावं लागन.”

तेवढ्यात घोंगड्यातून आवाज आला. कोवळा, अगदी हळू. “आई… किती राह्यलं?”

तो आवाज ऐकल्यावर चौघांपैकी कोणीच विचार करत बसलं नाही. पियुषने आपली फळी उचलली आणि खाटेच्या एका खुराखाली सरकवली. सुरजने दुसरी. रीनाने आणि दिव्यानीने आपापल्या. चार खूर, चार फळ्या. रस्ता आरशासारखा गुळगुळीत. ढकलत नेली तर तासाभरात दवाखाना. फक्त फळ्या सुटू नयेत म्हणून खुरांना बांधायला दोर हवा होता.

पियुषने काचेवर टकटक केलं. “भाऊ, दोर द्या. आन तुमीबी या. पाच जणं लागतीन.”

वाजिदने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे. म्हातारीने बॅटरी त्याच्याकडे धरली होती. उजेड त्याच्या तोंडावर पडत होता, तिचं तोंड काळोखात.

तो उतरला. मागून दोर काढला, गाडीची ताडपत्री पुन्हा करकचून बांधली, मागच्या फाळक्याला कुलूप घातलं. मग फळ्या एकमेकींना आणि खुरांना बांधल्या. गाठी नीट बसल्या.

पुढे पियुष आणि सुरज दोर ओढत. मागून वाजिद आणि दिव्यानी ढकलत. रीना उजेड धरून बाजूला. खाट चालू लागली, सोळा चाकांवर. म्हातारी वाजिदच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळून चालत होती. ती दोन माणसं सगळ्यांत मागे.

पहिला किलोमीटर गेला. दुसरा गेला.

मग वाजिदच्या लक्षात आलं. पुढे पानं मोडत होती. पियुषच्या पायाखाली, सुरजच्या, त्याच्या स्वतःच्या. मागे मोडत नव्हती.

त्याने वळून पाहिलं नाही.

“बाबू,” म्हातारी म्हणाली. फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात. “त्या राती गाडीत जागा नोती का?”

वाजिद ढकलत राहिला.

“पाणी पडून राह्यलं होतं. मी त्या पुलावर बॅटरी दाखवली. तू थांबला. काच खाली केली… पाहिलं… मंग निघून गेला.”

“हो.”

“जागा नोती?”

“होती,” वाजिद म्हणाला. “गाडी रिकामी होती.”

“मंग?”

अडीच वर्षं तो स्वतःला सांगत आला होता, की रात्र होती, जंगल होतं, कोण कुठली माणसं, उद्या पोलीस विचारतील, त्या करोनाच्या दिवसांत कोणीच थांबत नव्हतं. हे सगळं खरंच होतं. पण तिथे, तिच्या शेजारी, त्यातलं एकही वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

“भेव लागलं, बाई.”



दिव्यानीने त्याच्याकडे पाहिलं. “भाऊ, कोणासंग बोलता?”

त्याने खाटेला आणखी जोर लावला.

चौथा किलोमीटर. चंद्र झाडांमागे गेला. रस्ता उताराला लागला, आणि खाट हलकी वाटायला लागली. उतार आहे म्हणून, वाजिदने स्वतःला सांगितलं. मग उतार संपला. खाट तशीच हलकी. दोर ढिला पडला होता. पुढे कोणी ओढत नव्हतं, मागे कोणी ढकलत नव्हतं, आणि चाकं वाजत होती… टक-टक… टक-टक…

“घोंगडं बसलं,” दिव्यानी म्हणाली.

“काय?”

“मघा पोट दिसत होतं…”

रीनाने उजेड खाटेकडे नेला. मधेच थांबवला. तिचा हात पुढे जाईना.

“पाहू नका,” वाजिद म्हणाला. “सोडूबी नका. दवाखान्यापर्यंत न्यायची. कोणी सोडायचं नाई.”

कोणी सोडलं नाही. पियुष पुढे मान खाली घालून चालत होता, काहीतरी पुटपुटत होता. रीना रडत होती, आवाज न करता. वाजिदच्या हाताखाली खाटेचं लाकूड होतं. गार… मग तेही नीट कळेना…

म्हातारी शेवटी एकदाच बोलली. “आता जवळ आलं.”

पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. दवाखान्याच्या फाटकावरचा बल्ब दिसला. रात्रपाळीच्या सिस्टर होत्या रंभाताई, वयस्कर, त्याच गावच्या. चाकांचा आवाज ऐकून त्या बाहेर आल्या, फाटक उघडलं, आणि तशाच उभ्या राहिल्या.

“हे काय आणलं तुमी?”

फाटकाच्या उजेडात पाच माणसं. दोघांच्या खांद्यावर दोर. दोघं वाकून, हात पुढे करून, हवेला ढकलत असल्यासारखी. मधे चार फळ्या, दोराने एकमेकींना बांधलेल्या. खाटेच्या मापाचा चौकोन. वर काही नाही. मागे रस्त्यावर कोणी नाही.

सुरजने खांद्यावरचा दोर खाली टाकला. दिव्यानी आपल्या तळहातांकडे बघत राहिली.

रंभाताईंनी सगळ्यांना आत घेतलं, चहा दिला. चहा संपल्यावर वाजिदने विचारलं, “सिस्टर, एकवीस सालच्या श्रावणात एक बाई आणली होती का इथी? खाटेवर. राती. पाणी पडून राह्यलं होतं.”

रंभाताई विचारात पडल्या. “मी तेव्हा इथीच होते. खाटेवर बाया येतात, भाऊ. पण त्या श्रावणात… नाई. राती कोणीच नाई पोचलं.”

तेव्हा वाजिदने चौघांना सगळं सांगितलं. रिकाम्या गाडीसकट. कोणी त्याला दोष दिला नाही, आणि धीरही दिला नाही. फक्त पियुष म्हणाला, “तरी तुमी उतरले, भाऊ.” वाजिदला ते शब्द पटले नाहीत. अजून पटत नाहीत. पण त्या दिवसापासून रस्त्यावर कोणी हात केला तर तो थांबतो, कितीही रात्र असो.

इथे गुणवंतराव थांबले. मंडपात अजून अंधारच होता. एका पोरीने हळूच विचारलं, “आन गाडी, आजोबा?”

“तेच सांगून राह्यलो,” ते म्हणाले.

उन्हं वर आल्यावर वाजिद आणि पियुष एका मेकॅनिकला आणि नव्या बेल्टला घेऊन परत आले. गाडी होती तिथेच. फाळक्याला कुलूप तसंच. ताडपत्रीच्या गाठी तशाच, वाजिदनेच मारलेल्या. मेकॅनिक बेल्ट बसवत होता तोवर पियुषला पाण्याची बाटली हवी होती, म्हणून वाजिदने मागचं कुलूप काढलं.

सामान एका बाजूला सरकलेलं होतं. गाद्या, पाण्याचे कॅन, बॅगा, सगळं डाव्या अंगाला दाबून बसवलेलं, एखाद्याने जागा करावी तसं. उजवी बाजू मोकळी.

“मी सोता पाहिली ती गाडी,” गुणवंतराव म्हणाले. “दुसऱ्या आठवड्यात. जाड पत्र्याचा तळ. त्या तळावर लोकांनी लोखंडी सळाखा नेल्या, गिट्टी नेली, कधी पोचा नाई पडला.”

मोकळ्या जागेत चार खळगे होते. वाटीएवढे गोल, पत्रा आत दबलेला. खाटेचे खूर टेकावेत तसे, दोन डोक्याशी, दोन पायाशी.

ऑक्टोबरपासून तिकडे पावसाचा थेंब पडला नव्हता. वाजिदने एका खळग्यात बोट घातलं. आत पाणी होतं… गढूळ… आणि गार.