क्लच नसलेली गाडी

ओड्डुर माझा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मध्ये मेंढ्या अडवायचं एक कुंपण आहे, पण त्याने बोलणं काही अडत नाही. त्यामुळे त्याने जीप बदलली ते सगळ्यांत आधी मलाच कळलं. गिअरवाली गेली होती, ऑटोमॅटिक आली होती.

पेट्रोल पंपावर कॉफी पिताना त्याची फार टर उडाली.

"आता बाबागाडीच घे, तिलाही क्लच नसतो," आमच्यातलाच सिग्मार म्हणाला. "उतारावर गिअरच गाडीला धरून ठेवतो. तुझं ते यंत्र काय धरणार?"

"मला पायाखाली क्लच नको," ओड्डुर एवढंच बोलला. सगळ्यांना उन्नूर आठवली.

उन्नूर त्याची बायको. ग्राउआ नदी ओलांडताना गाडीसकट वाहून गेली. आइसलँडच्या डोंगरवाटांवर पूल कुठले? काठावरच लहान, म्हणजे पहिला, गिअर टाकायचा आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे पोरंटोरंही जाणतात. क्लच दाबला की चाकं मोकळी होतात, आणि नदीला तेवढं पुरतं. उन्नूरने भर पाण्यात क्लच दाबला. का, ते कुणालाच कळलं नाही. शेजारी बसलेला ओड्डुर तेवढा वाचला.

सप्टेंबरात मेंढ्या उतरवायला माणसं डोंगरात गेली होती. त्यांच्या झोपडीवर गॅसची टाकी आणि धुरी दिलेलं मटण पोचवायचं होतं. ओड्डुर निघाला तशी मीही चढले. नवी गाडी आतून बघायची होती, खोटं कशाला सांगू. वाटेत मीच त्याला दोन घरी थांबायला लावलं, त्यामुळे त्याच ग्राउआ नदीवर पोचलो तेव्हा दुपार झालेली. हिमनदीचं पाणी बर्फ वितळून दुपारीच चढतं. धुकंही खाली उतरलं होतं.

"उद्या सकाळी येऊ या का?" मी विचारलं.

"माणसं काय दगड खातील?" त्याने गिअर बदलायचा खटका लहान गिअरवर ठेवला. "बघ फ्रीडा, या गाडीत चुकायला काही ठेवलेलंच नाही."

पाण्यात शिरलो. राखाडी, गढूळ पाणी. तळाशी दगड गडगडत होते, ते पायांना जाणवत होतं. मधोमध आलो आणि खाली कुठेतरी खट् झालं. इंजिन नुसतंच घुमायला लागलं. गाडी थांबली. खटका आपोआप न्यूट्रलवर सरकला होता. ओड्डुरने दोन्ही हातांनी ओढला, जागचा हलेना.

मी दार ढकललं. बाहेरून अख्खी नदी त्याला टेकून उभी होती. काचेचं बटण दाबलं, काच थरथरली आणि तिथेच राहिली. दाराच्या फटीतून पाणी आत आलं, बर्फासारखं. गाडी हळूच कडेला सरकली.

"फ्रीडा... इथे क्लच आहे."

"वेड्या, या गाडीत क्लच नाही."

"आहे... आणि त्याच्यावर पाय आहे. माझा नाही."

मी वाकून पाहिलं. काळं पाणी, दुसरं काही नाही. पण ओल्या लोकरीचा वास आला. मग अगदी जवळून एक दमलेला आवाज.

"सांग ना... कितवा टाकू?"

कुंपणापलीकडून मला रोज हाक मारायची, तोच आवाज.

ओड्डुर खाली पाण्याकडे बघत म्हणाला, "दुसरा टाक असं मीच म्हटलं होतं तिला. ती नको म्हणत होती... मीच ओरडलो."

पाणी माझ्या मांड्यांपर्यंत आलं होतं. गाडी कलायला लागली. "मग आता तरी नीट सांग तिला," मी म्हणाले.

तो खाली वाकला. "पहिलाच राहू दे, उन्नूर... पाय काढ."

खट्. चाकांनी दगड धरले. गाडी गुरगुरत, सावकाश, पलीकडच्या काठावर चढली आणि थांबली.

मी खटक्याकडे पाहिलं. तो न्यूट्रलवरच होता. हललाच नव्हता.

ओड्डुर उतरला आणि वळसा घालून माझ्या दाराशी आला. "तू मागे बस. ही जागा माझी."

"आणि चालवणार कोण?"

त्याने माझं दार उघडून धरलं. मी टाकी आणि मटण तिथेच टाकलं आणि धुक्यातून झोपडीपर्यंत धडपडत पायी गेले. मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी झोपडीतल्या माणसांनी मला ट्रॅक्टरने घरी आणलं. जीप ओड्डुरच्या अंगणात नीट लावलेली होती.

तो आहे, बरा आहे. मी कुंपणाशी उभी असते तेव्हा बघते ना. तो गाडीत बसतो तो उजवीकडे, आणि आमच्याकडे स्टिअरिंग असतं डावीकडे. गाडी निघते. क्लच सुटतो, पहिला गिअर पडतो, आणि वळणापर्यंत त्या पहिल्याचाच आवाज येत राहतो.

दुसरा ती टाकतच नाही.